बिनडागाचे दंड

आवरखारला पोर जन्मलं की कुठल्या दवाखान्यात जन्मलं हे कुणी विचारत नाही, अंघोळीला कोण येतंय तेवढं विचारतात. आणि उत्तर कित्येक वर्षांत बदललेलं नाही. दयारामची रंगू.

दयाराम मिठागरावर होता तेव्हाही ती दयारामची रंगू होती, आणि तो खोकून खोकून गेला त्यानंतरही तीच राहिली. बुटकी, काटक, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं. न्हाणीत पाट मांडून पाय पसरून बसायची, पोराला नडग्यांवर पालथं घालायची आणि अशी तेल चोळायची की नवख्या आईला धडकीच भरावी. "अगो हात मोडंल त्याचा!" असं कुणी म्हणालं तर रंगू मान वर न करता सांगायची, "मोडला तर दुसरा हाय." पोर बोंबलायचं, लाल व्हायचं, ऊन पाण्याने निवायचं. मग ओव्याची धुरी, टाळूवर तेल, आणि शेवटी रंगूची फुंकर. एका कानात, दुसऱ्या कानात, मग दोन्ही नाकपुड्यांत. पाणी राहायला नको म्हणून. त्यानंतर ते पोर जे झोपायचं ते दुपारपर्यंत. गावातल्या अर्ध्या ट्रेलरवाल्यांच्या नाकात रंगूची फुंकर गेलेली आहे. आज ते न्हावा शेव्याला कंटेनर ओढतात आणि रस्त्यात दिसली की हॉर्न वाजवतात.

पण तिचा खरा तोरा दुसऱ्याच गोष्टीचा होता. सरकारी दवाखान्यात जन्मल्या जन्मल्या पोराच्या डाव्या दंडावर क्षयाची लस टोचतात, बीसीजी. महिन्याभराने तिथे लाल गाठ येते, पिकते, फुटते आणि जन्माचा डाग ठेवून जाते. रंगूला हे मुळीच मंजूर नव्हतं. देवाने दिलेल्या कोऱ्या अंगावर सुईवाल्यांनी शिक्का का मारावा? ती मिठागराचं जाडं मीठ तव्यावर तापवायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधायची, आपल्या गालाला लावून चटका बघायची आणि गाठीवर शेक द्यायची. रोज अंघोळीनंतर, गाठ बसेपर्यंत. बहुतेक वेळा बसायची. नर्सबाई सांगून सोडायच्या की गाठीला काही लावू नका. पण नर्सचं दवाखान्यात ऐकायचं आणि घरी रंगूचं, हे इथल्या सुनांना शिकवावं लागत नाही. लग्नात हळदीला बसलेल्या नवरीचा गुळगुळीत दंड बघून बाया म्हणायच्या, "रंगूच्या हातची दिसते," आणि रंगू ऐकलं न ऐकल्यासारखं करून पुढे सरकायची.

या वर्षी गणपतीनंतर तिला खोकला लागला. ट्रेलरची धूळ, ती म्हणाली. दिवाळी आली तरी धूळ काही घशातून जाईना. चोळी ढगळ झाली. संध्याकाळी अंगात कसर यायची. साखरेचा आजार तिला होताच, त्याच्या गोळ्या ती मनाला येईल तेव्हा घ्यायची, म्हणजे बहुधा नाहीच. एक दिवस आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स सुचिताताईंनी तिला रस्त्यात अडवलं, चेहरा निरखला आणि सरळ आत नेऊन थुंकीची डबी हातात दिली. सुचिताताई चौलच्या, गावात नव्या, बोलायला मऊ आणि कामाला चिकट. त्यांच्या हातातून कुणी डबी न भरता सुटत नाही.

रिपोर्ट आला. क्षय.

रंगूला आधी दयाराम आठवला. त्याची शेवटची बसलेली पाठ, उशाशी राखेची वाटी. "मना त्याच्यापासून लागला?" तिने विचारलं. "तो जाऊन किती वरसा झाली."

"लागला तेव्हाच असेल, काकी," सुचिताताई म्हणाल्या. त्यांनी तिला खिडकीशी बसवलं होतं, तोंडाला मास्क बांधून. "पण आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, राखण करणाऱ्या. त्यांतल्या काही जंतूला गिळतात. हा जंतू चिवट, पचत नाही. मग बाकीच्या पेशी येऊन त्याच्याभोवती कडं करतात आणि त्याला आतच कोंडून ठेवतात. मरत नाही, पण बाहेरही पडत नाही. तुमच्या पेशींनी इतकी वर्षं त्याला कोंडला होता. साखर वाढली, अंग खंगलं, तशा त्या थकल्या."

हे रंगूला लगेच समजलं. खाडीचा बांध तिने जन्मभर पाहिलेला. बाहेर समुद्र, आत भात, मधे मातीचा एक वरंबा. खेकड्याने एक भोक पाडलं की पुरे.

"औषध नेमाने घ्यायचं. बरं होतं, शंभर टक्के," सुचिताताई म्हणाल्या. "आता सांगा, घरात कोण कोण?"

"मी न् देव्हाऱ्यातले देव."

"नेहमी कुणाच्या जवळ बसणं-उठणं?"

रंगूच्या तोंडाशी दोन घरं आली. येसूबाईचं घर, जिथे तिच्या सुनेचं, नेत्राचं पोर होतं, गणराज. आणि देवळामागचं अमिषाचं घर, तिची मुलगी अजून पाळण्यातच. दोघांना अंघोळ घालून ती सकाळीच आली होती. दोन्ही नावं तिने आतच ठेवली. "कुणी न्हाय," ती म्हणाली.

का म्हणाली, ते तिलाही सांगता आलं नसतं. अंघोळीवाल्या बाईला क्षय, हे शब्द गावात एकदा सुटले की तिच्या पाटाला कुणी हात लावला नसता. पण एवढंच नव्हतं. ती नुसती भ्याली होती, आणि भ्यालेलं माणूस आधी दार लावून घेतं.

तरी ती उठेना. आडून विचारलं, "ताई, बारक्या पोराना झाला तर?"

"बाळांना फार वाईट. त्यांच्या पेशी अजून कोवळ्या, कोंडून ठेवणं जमत नाही. मेंदूपर्यंत जातो. म्हणून तर जन्मल्या जन्मल्या लस देतो." सुचिताताईंना हा विषय आवडीचा, त्या रंगात आल्या. "लसीत त्याच जातीचा, पण दुबळा केलेला जंतू असतो. दंडात टोचला की पेशी तिथे धावतात, त्याला गिळतात, त्याची ओळख घेऊन काखेतल्या गाठीत जातात आणि तिथल्या दुसऱ्या पेशींना शिकवतात, की हा बघा, असा दिसतो. मग त्या शिकलेल्या पेशी अंगभर जातात आणि खऱ्याची वाट बघत राहतात. दंडावर ती लाल गाठ येते ना? ती म्हणजे पेशी जमून कामाला लागल्याची खूण."

रंगूचे हात मांडीवर होते. तिने ते पदराखाली घेतले.

"न् ती गाठ बसवली तर?"

"बसवली म्हणजे?"

"म्हंजे... आपली आपण बसली तर."

तेवढ्यात बाहेर कुणीतरी इंजेक्शनला आलं. सुचिताताई उठल्या, औषधाची पाकिटं तिच्या ओटीत दिली, मास्क काढायचा नाही म्हणून पुन्हा बजावलं. प्रश्न तिथेच राहिला आणि रंगू तो घेऊन घरी आली.

दुसऱ्या दिवसापासून ती अंघोळीला गेली नाही. हात धरलाय, असा निरोप दोन्ही घरी पाठवला. नेत्राने उलट निरोप पाठवला, काकी तुझ्याशिवाय हा झोपत नाही. रंगूने तो ऐकला आणि अंगणातलं दार आतून लावलं.

मग तिच्या भीतीला रानच मोकळं मिळालं. खिडकीतून शाळेला जाणारी पोरं दिसायची, तिच्याच हातची. एकाच्या शर्टाची बाही वर सरकली तरी तिची नजर डाव्या दंडावर जायची. कोरा. पुढचा, कोरा. जे बघून इतकी वर्षं छाती फुगायची तेच बघून आता ती तोंड फिरवायची. राखणदार गोळा झाले होते, आणि आपण रोज तापलं मीठ घेऊन त्यांना हुसकावलं, असं तिला वाटायचं. एकेका पोराच्या अंगातून. न चुकता. वर नाकपुड्यांत फुंकर. ती फुंकर आठवली की ती तोंडावर हात दाबून बसायची, जणू आताही कुणी समोर आहे. खोकला आला की उशीत तोंड खुपसून खोकायची. देवापुढे दिवा लावताना एकच मागायची, की मला ने, पण त्या दोघांना खोकला देऊ नको.

औषधाची सुरुवातीची पाकिटं संपत आली होती तेव्हा एका सकाळी दार वाजलं. नेत्रा. कडेवर दुपट्यात गणराज.

"काकी, दार उघड ना. याला बघ जरा."

रंगूने दाराची वरची फळी तेवढी उघडली आणि मागे सरकून भिंतीला टेकली. मास्कवर पदर धरला. "काय झाला?"

"ताप उतरत नाही गं. चार दिवस झाले. डॉक्टरने सिरप दिलं, म्हणाला सर्दी आहे. पीतच नाही धड. नुसता पडून असतो. आई म्हणतात नजर लागली, तू उतरव म्हणजे बरं वाटेल." नेत्रा बोलता बोलता रडायला लागली. "रडत पण नाही तो, काकी. तू चोळायचीस तेव्हा केवढा ओरडायचा."

दुपट्यातून गणराजचा चेहरा दिसत होता. गाल बसलेले. डोळे अर्धे उघडे, पण कशाकडे बघत नव्हते. रंगूने हजारभर पोरं हाताळली होती. हे पोर सर्दीचं नव्हतं.

आता सांगितलं नाही तर नेत्रा मीठमोहरी उतरवून घेऊन घरी जाईल. येसूबाई अंगारा लावील. तो डॉक्टर सिरप बदलून देईल. आणि आतला तो जंतू तोवर वर वर चढत जाईल. हे सगळं रंगूला दिसलं. सांगितलं तर काय होईल तेही दिसलं.

"नेत्रा, बाय, नजर न्हाय ती," ती म्हणाली. "मना क्षय झालाय."

नेत्राला कळलंच नाही. "तुला? कधी?"

"दिवाळीपासून म्हाईत हाय. त्याच्या आधीपासून झाला असंल. मी त्याच्या नाकात फुंकर घातली, रोज. गाठ पण शेकून बसवली त्याची, लसीची. अशीच्या अशी मोठ्या दवाखान्यात जा, न् डॉक्टरना पयला हेच सांग. सर्दी नको सांगू. सांग, अंघोळवालीला क्षय हाय."

नेत्राने दुपटं छातीशी आवळलं आणि पाय मागे घेत घेत अंगणाबाहेर गेली, रंगूकडे तोंड करूनच. तेवढं रंगूला पुरलं. थोड्या वेळाने येसूबाई आली. ती मात्र बोलली. सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी बोलली.

"माझ्या नातवाला खाल्लास, रंगू! माझ्याच पाटावर बसून खाल्लास! इतक्या दिवसांत तुझी वाचा गेल्ती?"

रंगू दाराच्या फळीआड उभी राहून ऐकत होती. एकही शब्द खोटा नव्हता.

सुचिताताई नेत्राबरोबर गाडीतून गेल्या. जाण्याआधी त्या रंगूच्या खिडकीशी आल्या. चेहरा कडक होता. "अजून कुठलं घर आहे, काकी? खरं सांगा."

आणि बघा, एवढं होऊनही रंगू म्हणाली, "न्हाय."

कारण तिने मनाशी एक सौदा मांडला होता. गणराजचं बरं निघू दे. साधा ताप निघू दे. मग अमिषाच्या दारात जायची गरजच काय? तिची पोर तर हसतेखेळते, अमिषा धुणं वाळत घालताना रंगूने तिला लांबून पाहिलं होतं. उगीच का भिववायचं? भीतीला अशी शहाणपणाची लुगडी नेसवायला माणसाला वेळ लागत नाही. त्या दिवशी रंगूने चूल पेटवली नाही. औषध मात्र घेतलं, आणि ते घेताना तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुचिताताई परत आल्या. त्या अंगणातच उभ्या राहिल्या, वाऱ्याला पाठ करून. रंगू खिडकीशी आली.

"क्षयच आहे," सुचिताताई म्हणाल्या. "पोटातलं पाणी काढून तपासलं. छातीतल्या गाठीत आहे, फुप्फुसात थोडा."

रंगूने खिडकीचा गज धरला.

"पाठीतलंही पाणी काढलं. ते स्वच्छ आहे. मेंदूपर्यंत गेलेला नाही. औषध सुरू झालंय. डॉक्टर म्हणाले, सर्दी समजून अजून आठवडाभर काढला असता तर सांगता आलं नसतं."

"वाचंल?"

"वाचेल असं म्हणालेत. महिनोन्‌महिने औषध घ्यावं लागेल. लस होती म्हणून छातीत अडकला असावा, असंही म्हणाले. शिकलेल्या पेशींनी फुप्फुस वाचवलं नाही, पण पुढची वाट अडवली. ही लस मुख्यतः तेवढंच करते, काकी. होऊच देत नाही असं नाही. मेंदूत जाऊ देत नाही."

"पण मी तर गाठ शेकून बसवली. म्हंजे त्याच्या पेशी..."

"त्या दिवशी हेच विचारायचं होतं ना?" सुचिताताईंच्या आवाजातला कडकपणा पहिल्यांदा जरा उतरला. "गाठ दिसायला लागते तोवर पेशी काखेत जाऊन शिकून आलेल्या असतात. तुमच्या पुरचुंडीने दंडावरची सूज उतरली, शिकलेलं पुसलं नाही. बिनडागाच्या पोरांत लस फुकट गेली असं कुणी म्हणत नाही. पण डाग नीट उठलेल्या पोरांना राखण थोडी जास्त मिळत असावी, असंही काही ठिकाणी दिसलंय. नक्की कुणालाच माहीत नाही. म्हणून हात लावू नका म्हणतो आम्ही. आम्हाला तरी कुठे सगळं कळलंय?"

रंगूला हायसं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याच्या खालून दुसरीच थंडगार गोष्ट वर आली. फुंकर खरीच लागली होती. ती नुसती मनातली भीती नव्हती, दवाखान्यात नळीत घालून पाहिलेली गोष्ट होती. आपल्या तोंडातून निघालं आणि त्या पोराच्या छातीत जाऊन बसलं. आणि जे एका घरात गेलं ते दुसऱ्या घरात गेलं नसेल, असं म्हणायला आता काही उरलं नव्हतं. अमिषाची पोर हसतेखेळते. गणराजही दिवाळीला हसतच होता.

"ताई," ती म्हणाली, "मी खोटा बोललंय."

सुचिताताई खिडकीच्या जवळ आल्या.

"अमिषाची पोर. देवलामागची. तिला पण मीच घालायची."

सुचिताताईंनी डोळे मिटले, उघडले. रागावल्या असत्या तर बरं, असं रंगूला वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "चला. मी जाते सांगायला. आजच नेऊ तिला."

"तुमी माझ्या मागं या," रंगू म्हणाली. "सांगतंय मी."

येसूबाईच्या घरावरूनच वाट होती. ओट्यावर बसलेल्या बाया रंगूला बघून उठल्या आणि आत गेल्या, पोरांना दंडाला धरून ओढत. कुणीतरी दार आपटलं. रंगू मास्क सारखा करत चालत राहिली. येसूबाईचं एकदा ऐकलं होतं म्हणून दुसऱ्यांदा सोपं जाईल असं काही नव्हतं. उलट आता काय ऐकावं लागणार ते शब्दन्‌शब्द माहीत होतं. पाय मागे वळावेत असं तिला वाटत होतं, आणि सुचिताताई मागे होत्या म्हणूनच ते वळले नाहीत, हेही खरं.

अमिषा माहेरी पनवेलला जाऊन तासाभरापूर्वीच परतली होती. गावात काय झालंय याचा तिला पत्ताच नव्हता. ओट्यावर बॅगा तशाच पडलेल्या. रंगूला अंगणात बघताच तिचा चेहरा फुलला.

"काकी! बरा झाला का हात? अगो ही बघ, तुला बघून कशी हातपाय झाडायला लागली!" आणि ती पायऱ्या उतरून सरळ समोर आली, पोरीच्या काखेत हात घालून तिला रंगूकडे धरत. "घे, घे हिला. तुझीच वाट बघत होती."

पोरीने दोन्ही हात पुढे केले. तोंडाचं बोळकं उघडून हसली.

आजवर रंगूने पुढे केलेलं पोर कधी परत पाठवलं नव्हतं. तिचे हात आपोआप वर आले. ते तिने पाठीमागे नेले, एकाने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं आणि दोन पावलं मागे सरली.

"लांब घे तिला, अमिषा," ती म्हणाली. "आनखी लांब. न् मी काय सांगतंय ते सगला ऐकून घे, मग मना काय बोलायचा ते बोल."